पाचवी रांग

१९२१ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये ‘शफल अलाँग’ नावाच्या संगीत नाटकाचा पहिला प्रयोग झाला. लिहिणारे, गाणी रचणारे, चाली लावणारे, गाणारे, नाचणारे सगळे काळे. ‘व्हरायटी’ हे नाट्यधंद्यातलं वजनदार साप्ताहिक. त्यानं या नाटकाची दखल घेता घेता एक नोंद केली: काळे प्रेक्षक पार पाचव्या रांगेपर्यंत बसलेले दिसले.

नाटक बघायला आलेला बातमीदार रांगा मोजत होता. आणि त्याचं फारसं चुकलंही नाही. गाणी बजावणी झकास असणार याचा अंदाज लोकांना होताच. काळा माणूस तळमजल्यावर, रंगमंचाच्या इतक्या जवळ बसलाय, हीच त्या संध्याकाळची बातमी होती.

नाट्यगृहात शिरले की मी आधी जिने बघते. हौशी नाटकांसाठी नेपथ्याचे फ्लॅट्स आणि खुर्च्या वाहण्यात उमेदीची वर्षं गेली, त्याची ही लागलेली खोड. विंगेत किती माणसं मावतात, रंगपटाला खिडकी आहे का, बाल्कनीचा रस्ता आतून जातो की बाहेरून, हे कळलं की तिथं कुठलं नाटक चालेल आणि कुठलं पडेल हे निम्मं कळतं असं माझं मत आहे. जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकता ऐकता मी अमेरिकेतल्या काळ्यांच्या या सुरुवातीच्या रंगभूमीपाशी पोचले, तेव्हाही हीच खोड कामी आली. कलावंतांची चरित्रं सगळीकडे सापडतात. मला जिने हवे होते.

जिने होतेच. बहुतेक नाट्यगृहांत काळ्या प्रेक्षकाची जागा म्हणजे सगळ्यात वरची गॅलरी. दक्षिणेत तिच्यासाठी दार वेगळं आणि गल्लीतून वर चढणारा जिनाही वेगळा. उत्तरेत कायद्यानं तशी मनाई नव्हती, तिथं ते काम तिकीटखिडकीवरचा माणूस करायचा. तळमजल्याचं तिकीट मागितलं की ‘संपली’ म्हणायचं, संपलं. आणि रंगमंचावर स्वतः काळे नट उभे असले तरी या व्यवस्थेत काडीचा फरक पडत नसे.

बर्ट विल्यम्स आणि जॉर्ज वॉकर यांची गोष्ट इथं सांगायलाच हवी. १८९३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दोघांची गाठ पडली. विल्यम्स बहामाचा, उंच, अबोल, वाचनात रमणारा. वॉकर कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावचा, कपड्यांचा शौकीन आणि बोलण्यात तेज. गोरे नट जाळलेल्या बुचाची काजळी तोंडाला फासून काळ्यांच्या नकला करत, आणि हा मिन्स्ट्रेल नावाचा प्रकार अर्ध्या शतकाहून जास्त काळ तुफान चालत आला होता. या दोघांनी आपली जाहिरात केली, ‘टू रिअल कून्स’. ‘कून’ ही काळ्या माणसाला हासडायची शिवी. नकली माल पुष्कळ बघितलात, आता अस्सल बघा, असा तो धंद्याचा हिशेब. गंमत अशी की अस्सल म्हणून उभ्या राहिलेल्या विल्यम्सचा रंग चांगलाच उजळ होता. त्यालाच काजळी फासावी लागली, आणि ती त्यानं शेवटपर्यंत फासली.

१८९४ मध्ये त्याच शहरात मोठं प्रदर्शन भरलं. त्यात आफ्रिकेतल्या दाहोमीचं एक खेडं उभारलं होतं, पण खुद्द दाहोमीची माणसं वेळेवर पोचली नाहीत. मग प्रदर्शनवाल्यांनी गावातलेच काळे कलावंत पकडून, कातडी नेसवून आफ्रिकन म्हणून उभे केले. त्यांत हे दोघे होते. खरी मंडळी आल्यावर यांची सुट्टी झाली, पण आत जायची मुभा राहिली, आणि दोघांनी त्यांचं गाणं-नाचणं मन लावून पाहिलं. आपल्या नाटकांत आफ्रिका आणायची कल्पना तिथं सुचली, असं वॉकरनं पुढं १९०६ मध्ये लिहिलं.

१८९८ हे साल मोठं धामधुमीचं. एप्रिलमध्ये बॉब कोल आणि बिली जॉन्सन यांचं ‘अ ट्रिप टू कूनटाउन’ थर्ड ॲव्हेन्यू थिएटरात लागलं. संपूर्णपणे काळ्यांनी लिहिलेली आणि स्वतःच चालवलेली ती पहिली मोठी संगीतिका. पण माझा जीव अडकतो तो जुलैमधल्या ‘क्लोरिंडी’त. संगीतकार विल मॅरियन कुक. बर्लिनमध्ये व्हायोलिन शिकून आलेला, न्यूयॉर्कला द्व्होर्झाक या चेक संगीतकाराच्या संस्थेत बसलेला. कवी पॉल लॉरेन्स डनबार. दोघांनी वॉशिंग्टनमध्ये एका रात्रीत, बिअर आणि व्हिस्कीच्या साथीनं, बहुतेक गाणी आणि संवाद उरकले. दुसऱ्या दिवशी कुक ती गाणी पियानोवर वाजवायला बसला, तर आईच्या डोळ्यांत पाणी. जगभर शिकायला पाठवलं ते याच्यासाठी?

प्रयोगाला जागा मिळाली ती ब्रॉडवेवरच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या नाटकांच्या मुख्य रस्त्यावरच्या, कसिनो थिएटरची गच्ची. उन्हाळ्यात बंद सभागृहात गुदमरायला होई म्हणून गच्चीवर खाणंपिणं आणि हलकाफुलका कार्यक्रम असा रिवाज. उघड्या गच्चीवर, ग्लासांच्या किणकिणाटात संवाद कोण ऐकणार? म्हणून डनबारचे संवाद जवळजवळ सगळे काढून टाकले. उरली गाणी, केकवॉक नाच आणि अर्नेस्ट होगन हा विनोदी नट. कुकनं लिहून ठेवलंय की तो वाद्यवृंदापुढं उभा राहिला तेव्हा गच्चीवर जेमतेम पन्नास माणसं होती. खालचा खेळ सुटला, बाहेर पडणाऱ्या लोकांच्या कानांवर वरचा कोरस आला, आणि सुरुवातीचं समूहगान संपेपर्यंत गच्ची खच्चून भरली. कुक त्या रात्री इतका हरखला की पेलाभर पाणी प्यायला, ते वाइन समजून, आणि त्यावरच त्याला चढली.

डनबारबद्दल मात्र मला वाईट वाटतं. पहिल्या यशाच्या रात्री कवीचे शब्द जागेनं खाल्ले. पुढं कितीतरी वर्षं या रंगभूमीचं कौतुक गाणं आणि पाय यांचंच होत राहिलं. काळ्यांना नाचता येतं, बोलायला काय असणार त्यांच्याकडं, असा जो समज पसरला, त्याला अशा गच्च्यांनीही हातभार लावला असावा.

नाव झालं म्हणून जीव सुरक्षित झाला असंही नव्हतं. ऑगस्ट १९०० मध्ये न्यूयॉर्कमध्ये दंगल उसळली. गोऱ्यांचे जमाव काळ्यांना ट्रॅममधून खेचून मारत होते, आणि आरोळ्या काय, तर होगनला पकडा, विल्यम्स आणि वॉकरला पकडा. सामान्य काळा माणूस त्यांना नावानं माहीत नव्हता, नट होते. होगनला नाट्यगृहातच रात्र काढावी लागली. वॉकरनं मार खाल्ला.

आणि तरी १८ फेब्रुवारी १९०३ ला विल्यम्स आणि वॉकरचं ‘इन दाहोमी’ आज टाइम्स स्क्वेअर म्हणतात त्या भागातल्या न्यूयॉर्क थिएटरात लागलं. संगीत कुकचं, गीतं डनबारची, संहिता जेसी शिपची. काळ्यांचं पूर्ण लांबीचं नाटक ब्रॉडवेच्या मुख्य नाट्यगृहात पहिल्यांदाच होत होतं. वर्णयुद्ध पेटेल अशी भीती वर्तमानपत्रांत छापून आली. तसलं काही झालं नाही. काळे प्रेक्षक वर गॅलरीत, गोरे खाली, आणि दोन्हीकडून टाळ्या. ५३ प्रयोग झाले. मग मंडळी लंडनला गेली, शाफ्ट्सबरी थिएटरात नाटक जोरात चाललं, आणि जून महिन्यात बकिंगहॅम राजवाड्याच्या हिरवळीवर राजपुत्राच्या नवव्या वाढदिवसाला खास प्रयोग झाला. तोच राजपुत्र पुढं आठवा एडवर्ड झाला. राजघराण्यानं केकवॉक पाहिला, मंडळी परत अमेरिकेला आली, आणि त्यांचे नातेवाईक पुन्हा वरच्या जिन्यानं.

या काळातल्या नाटकांत एक गोष्ट औषधालाही सापडत नाही: प्रेमाचा प्रवेश. काळ्या नायक-नायिकेनं एकमेकांवर मनापासून प्रेम करणं गोऱ्या प्रेक्षकाला खपत नसे. थट्टेतलं चाले, पाय घसरून पडणं चाले, रताळी आणि कोंबड्या चोरणं तर फारच चाले. हळवं काही आलं की चुळबुळ, हशा, कधी त्याहून वाईट. जॉर्ज वॉकरची बायको एडा ओव्हर्टन वॉकर, उत्तम नर्तकी आणि मंडळीतले नाच बसवणारी, तिनं १९०६ मध्ये हे स्पष्ट बोलून दाखवलं होतं. बॉब कोल आणि त्याचे नवे जोडीदार जॉन्सन बंधू (बिली जॉन्सन वेगळा) यांनी मग हे कुंपण हळूहळू ढकलायला सुरुवात केली.

कुंपण नसलेली जागा शिकागोत होती. रॉबर्ट मॉट्स या काळ्या माणसाचा स्टेट स्ट्रीटवर दारूचा गुत्ता होता, आत जुगारही चाले. १९०५ मध्ये त्यानं तिथं नाट्यगृह काढलं, पेकिन. मालक काळा, नट काळे, वादक काळे, आणि काळ्या प्रेक्षकानं बसायचं कुठंही. जो जॉर्डनसारखा संगीतकार वाद्यवृंद सांभाळायला, आणि पगारी नटांची कायमची मंडळी. पुढं इतर शहरांतही ‘पेकिन’ नावाची नाट्यगृहं निघाली. पाद्रीबाबांना हे पसंत नव्हतं. १९०६ मध्ये आयडा बी. वेल्स यांनी एका सामाजिक संस्थेच्या मदतीसाठी पेकिनमध्ये कार्यक्रम ठरवला, तेव्हा जुगाऱ्याच्या जागेत पाऊल टाकू नका म्हणून चर्चमधून प्रवचनं झाली. झुंडबळींविरुद्ध आयुष्यभर लढलेल्या या बाई बधल्या नाहीत. माणूस गुत्ता मोडून चांगलं नाट्यगृह करतोय तर त्याला हात द्यावा, असं त्यांचं म्हणणं. मला या वादात बाईंचंच पटतं. जुगाराच्या पैशातून नाट्यगृह निघालं, हे जगातल्या किती नाट्यगृहांबद्दल म्हणता येईल कोण जाणे.

पेकिनमध्ये फ्लुर्नोय मिलर आणि ऑब्री लाइल्स ही फिस्क विद्यापीठातली जोडी नाटकं लिहू लागली. १९०७ मध्ये त्यांनी तिथं ‘द मेयर ऑफ डिक्सी’ केलं, एका काळ्या गावातल्या निवडणुकीची धमाल. ते नाव लक्षात असू द्या.

१९११ वाईट गेलं. वॉकर आधीच आजारी पडून रंगमंचावरून उतरला होता. त्याचं ‘बॉन बॉन बडी’ हे गाणं एडानं त्याच्याच थाटाचे पुरुषी कपडे घालून गायला सुरुवात केली होती. त्या वर्षी वॉकर गेला, बॉब कोल पाण्यात बुडून गेला, मॉट्सही गेला. विल्यम्स एकटा पडला आणि १९१० पासून झीगफेल्ड या गोऱ्या निर्मात्याच्या ‘फॉलीज’ या नाचगाण्याच्या खेळात होता, गोऱ्यांच्या ताफ्यात एकटा काळा. त्याची ‘नोबडी’ ही तबकडी आजही ऐकायला मिळते. तो गातो असं म्हणणं कठीण, तो कुरकुरत, थांबत, सुस्कारत बोलतो आणि ट्रॉम्बोन त्याला वेडावतो. मला पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा नाही. काळा असण्यात लाजिरवाणं काही मला आढळलं नाही, अमेरिकेत गैरसोयीचं मात्र बऱ्याचदा वाटलं, अशा अर्थाचं त्यानं १९१८ मध्ये लिहिलं होतं.

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातलं लाफायेत थिएटर १९१२ मध्ये उघडलं तेव्हा तिथंही काळ्यांना वरच बसवत. पण हार्लेमची वस्ती झपाट्यानं काळी होत चालली होती, ओरड झाली, आणि वर्षभरातच तळमजला खुला झाला. मग १९१३ मध्ये तिथं ‘डार्कटाउन फॉलीज’ आलं. शेवटी सगळी मंडळी एकमेकांच्या कमरेला धरून साखळी करत, नाचत पडद्यामागं जात आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर येत, गोल गोल. झीगफेल्ड स्वतः हार्लेमला आला, त्याला हे भारी आवडलं. त्यानं गाणं विकत घेतलं, नाच उचलला. नाचणाऱ्यांना घेतलं नाही.

दक्षिणेकडची कहाणी वेगळी. तिथं काळ्यांसाठी वेगळी नाट्यगृहं होती, पण बहुतेकांचे मालक गोरे. खेचर घेऊन विनोद करणारा शेर्मन डडली हा काळा नट यातला शहाणा. त्यानं वॉशिंग्टनमध्ये नाट्यगृहं घेतली आणि एकाला एक जोडत साखळी उभारली, म्हणजे कलावंताला एका करारात बरेच आठवडे काम. १९२० मध्ये याच धर्तीवर मालकांची मोठी संघटना झाली, थिएटर ओनर्स बुकिंग असोसिएशन. आद्याक्षरं टी. ओ. बी. ए. कलावंतांनी त्याचा अर्थ केला ‘टफ ऑन ब्लॅक ॲसेस’. भाषांतराची गरज नाही. प्रवासखर्च आपला, राहायची सोय आपली, दिवसाला तीन-चार खेळ, आणि मॅनेजरच्या मनात आलं तर करार रद्द. शिकागोचं मोनोग्राम थिएटर रेल्वेच्या उंच मार्गाला इतकं खेटून होतं की गाडी गेली की गायिका एथेल वॉटर्सला गाणं मध्येच थांबवावं लागे, आणि खालच्या रंगपटाचं छत इतकं बुटकं की उंच माणसानं वाकूनच कपडे बदलायचे. अटलांटाच्या ‘८१’ थिएटरात तिनं पियानो सुरात लावून मागितला. त्यावरून मालकाशी असं वाजलं की रातोरात गाव सोडून पळावं लागलं. बेसूर पियानोबद्दल तक्रार करणं हा तिचा गुन्हा.

पण याच खडतर फेऱ्यांत ब्लूज गाणारी मा रेनी होती. शिकागोच्या ग्रँड थिएटरात १९२४ मध्ये पडदा उघडला की रंगमंचावर भलाथोरला ग्रामोफोन. एक मुलगी येऊन त्यावर तबकडी ठेवते, पेटीतून मा रेनीचा आवाज सुरू होतो, मग पेटीचं दार उघडतं आणि बाई स्वतः बाहेर येतात, झगमगता पोशाख, गळ्यात सोन्याच्या नाण्यांची माळ. तिच्या तबकड्या विकत घेणारेच समोर बसले होते. या प्रेक्षकाला काय दाखवायचं हे तिला पुरतं ठाऊक होतं.

त्याच स्टेट स्ट्रीटवर व्हेंडोम नावाचं थिएटर होतं, मूकपटांना अर्स्किन टेटचा वाद्यवृंद साथ करी. त्यात लुई आर्मस्ट्राँगबरोबर टेडी वेदरफर्ड पियानोला. हा वेदरफर्ड १९२६ मध्ये आशियाकडे निघाला, आणि तिसाच्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. गोव्याचे फ्रँक फर्नांड त्याच्या सहवासात जॅझ शिकले. पुढं हिंदी चित्रपटसंगीतात राबले आणि ‘आमचें नशीब’, ‘निर्मोण’ हे कोंकणी चित्रपट त्यांनी काढले. वेदरफर्ड १९४५ मध्ये कलकत्त्याला कॉलऱ्यानं गेला.

तर ‘शफल अलाँग’. मिलर आणि लाइल्सनी पेकिनमधल्या त्या जुन्या मेयरच्या निवडणुकीवरच कथानक बेतलं, नोबल सिसलनं गीतं आणि यूबी ब्लेकनं संगीत दिलं. कपडे आपटलेल्या नाटकांतून उरलेले, डोक्यावर कर्ज. मिळालेली जागा ६३ व्या रस्त्यावरची, ब्रॉडवेच्या गजबजाटापासून बरीच दूर, मुळात व्याख्यानांचा हॉल. वाद्यवृंदाला खड्डा नाही, म्हणून पुढच्या खुर्च्या काढून जागा केली. हा हॉल कुणालाच नको होता म्हणून यांना मिळाला, आणि कुणाचाच नव्हता म्हणूनच बहुधा काळ्यांनी वरच बसायचा नियम तिथं कुणी इतका कडक पाळला नाही.

नाटकात एक खरंखुरं प्रेमगीत होतं, ‘लव्ह विल फाइंड अ वे’. लॉटी गी आणि रॉजर मॅथ्यूज गाणार, थट्टा न करता. सिसलनं पुढं सांगितलं की ते गाणं आलं तेव्हा तो, मिलर आणि लाइल्स मागच्या दारापाशी एक पाय बाहेर टाकून उभे होते. टोमॅटो आले की पळायचं. बिचारा ब्लेक प्रेक्षकांच्या पुढ्यात वाद्यवृंदात अडकलेला. गाणं संपलं, टाळ्या आल्या, आणि प्रेक्षकांनी ते पुन्हा गायला लावलं. ५०४ प्रयोग झाले. गाड्यांच्या गर्दीमुळं ६३ वा रस्ता एकेरी करावा लागला म्हणतात.

या यशाबद्दल माझ्या मनात थोडी कुरकुर आहे. मिलर आणि लाइल्स तोंडाला काजळी फासूनच उभे राहत. प्रेमिकांना त्यातून सूट मिळाली, विनोदी नटांना नाही. पेकिनमध्ये चौदा वर्षांपूर्वी उगवलेलं नाटक ब्रॉडवेला आलं ते तिथल्या गिऱ्हाइकाची चव सांभाळत आलं.

१९३० च्या आसपास मंदी आणि बोलपट यांनी मिळून टी. ओ. बी. ए. बुडवली. हार्लेमच्या लिंकन थिएटरचं चर्च झालं, पुढं लाफायेतचंही. वॉशिंग्टनचं हॉवर्ड मात्र दुरुस्त होऊन २०१२ मध्ये पुन्हा उघडलं. व्हर्जिनियातल्या नॉरफोकचं ॲटक्स थिएटरही उभं आहे. १९१९ चं, काळ्या वास्तुरचनाकारानं बांधलेलं. त्याच्या पडद्यावर स्वातंत्र्ययुद्धाच्या आधी बॉस्टनमध्ये गोळी लागून पडलेला क्रिस्पस ॲटक्स रंगवलाय. लाफायेतची इमारत २०१३ मध्ये पाडली.

त्याच्या पुढच्या वर्षी एक मूकपट लोकांसमोर आला. १९१३ मध्ये बर्ट विल्यम्सला घेऊन बायोग्राफ कंपनीनं तो चित्रित केला होता, पण पुरा केलाच नाही. सात रिळं कच्च्या चित्रीकरणाची न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात पडून होती. विल्यम्सच्या तोंडावर काजळी आहे, भोवतीच्या बाकी सगळ्यांचे चेहरे त्यांचे स्वतःचे. जत्रेच्या चक्रीपाळण्यावर फेऱ्या होतात, केकवॉक होतो, आणि शेवटाकडं विल्यम्स आणि ओडेसा वॉरन ग्रे चुंबन घेतात, सरळ, प्रेमानं, कुणाला हसवायला नाही. ‘शफल अलाँग’च्या आधी आठ वर्षं. थिएटरापर्यंत कधी पोचलंच नाही असं हे प्रेम १०१ वर्षांनी ज्या संग्रहालयात दाखवलं गेलं ते ५३ व्या रस्त्यावर आहे. त्याच रस्त्यावर, पुढच्याच चौकाच्या पलीकडं, १९०० नंतरच्या दशकात मार्शल हॉटेल होतं. विल्यम्स, वॉकर, कुक, कोल ही सगळी मंडळी रात्री खेळ आटोपला की तिथं जमायची, पुढच्या नाटकाच्या गप्पा मारायची. तिथं बसायला त्यांना कुणाची परवानगी लागत नसे, कारण तेही हॉटेल काळ्या माणसाचंच होतं.